जुन्या झेनमध्ये एस्टीमचं इंजिन टाकावं का?

अर्धाकप (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, नमस्कार. इथे चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे बाबांची मारुती झेन आहे. नोव्हेंबर १९९८, एमएच-११, कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी. बाबांनी पीएफमधून पैसे काढून नवी कोरी घेतलेली. १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. मी कराडला असतो, आजोळ चिपळूण, म्हणजे महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट ठरलेला. गेल्या दिवाळीपर्यंत गाडी निम्मा घाट तिसऱ्यावर चढायची. आता दुसऱ्यावरही धापा टाकते आणि मागे एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर, सिग्नलला उभी असली की थरथर, आणि दोन हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते.

आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून दोन मिनिटं कान लावला आणि निकाल दिला, "इंजिन संपलं." हेच इंजिन पूर्ण बांधायचं तर ४० हजार. नाहीतर भंगारातून मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग सगळं आणून टाकायचं, मजुरी धरून ८५ हजार. वर म्हणतो, "चाळीस घालून पन्नास घोडे घेण्यापेक्षा पंच्याऐंशी घालून पंच्याऐंशी घोडे घ्या. घोड्याला हजार रुपये." हिशेब इतका गोड बसला की दोन रात्री नीट झोप नाही.

गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. विकली तरी पन्नास हजारांच्या वर कोण देणार? बाबांना विचारलं, तर म्हणाले, "इंजिनाला पंच्याऐंशी हजार? त्यात थोडे घाल आणि माझा गुडघा बदल."

कोणी केलंय का असं? वर्थ आहे का?

खडीसाखर (सोमवार, रात्री १०.५५)

बाबांना आधी +१.

वाऱ्याशी_गप्पा (सोमवार, रात्री ११.३०)

केलंय. २०१४ साली, माझ्या '९६च्या झेनला. त्यामुळे मोह किती होतो ते मला सांगू नका.

आधी चांगलं सांगतो. झेन साधारण साडेसातशे किलोची गाडी. तिच्यात ८५ घोडे म्हणजे रस्त्यावर काय होतं ते शब्दांत मावत नाही. पहिल्या दिवशी दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला तर पुढची चाकं जागेवर फिरली आणि स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं. शेजारी बसलेला मित्र पुढचा अर्धा तास गप्प होता, आणि तो एरवी गप्प बसणारा माणूस नाही.

आता बाकीचं. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतलीच, म्हणून लोक म्हणतात "सरळ बसतं". बसतं हो. इंजिन पाच दिवसांत बसलं. त्याची गाडी व्हायला पाच महिने लागले.

माउंटिंग पहिल्यांदा वेल्डिंग केलं ते दोन आठवड्यांत तडकलं, परत जाड पत्र्यात करून घेतलं. झेनचा रेडिएटर कमी पडला. एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना काटा लालमध्ये गेला आणि बोगद्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनावर बसवलेला असतो, त्याचं प्रेशर जेमतेम पाव बार. एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतं. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप आला, तिथपासून पुढे जाड दाबाची लाइन आली, परत येणारी लाइन आली. ही लाइन कोणी साध्या रबरी नळीने आणि बारा रुपयांच्या क्लिपने जोडून दिली तर गाडीत बसू नका, एवढं ऐका माझं. मग एक्झॉस्ट, त्यात ऑक्सिजन सेन्सर. अॅक्सिलरेटरची केबल. स्पीडोमीटर खरा वेग दाखवेना. ड्राइव्हशाफ्ट. आणि वायरिंग! भंगारवाल्याने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापून दिला होता. मुळापासून सोडवून काढला नव्हता, कटरने कापला होता. त्याचे रंग जुळवत आमच्या इलेक्ट्रिशियनचे सलग तीन रविवार गेले, चौथ्या रविवारी त्याने फोन उचलणं बंद केलं.

सगळं झाल्यावर कळलं की ब्रेक तेच आहेत, पन्नास घोड्यांचे. ते वेगळे करून घेतले.

खर्च ठरला होता ७० हजार (तेव्हाचे). झाला १ लाख ४० हजार. यात माझ्या शनिवार-रविवारांचे आणि बायकोच्या बोलण्याचे धरलेले नाहीत.

गाडी अजून आहे, पण रस्त्यावर नसते. ऑटोक्रॉसला (मैदानावरच्या गाड्यांच्या शर्यतीला) ट्रेलरवर घालून नेतो, पळवतो, परत ट्रेलरवर घालून आणतो. त्या कामासाठी विचाराल तर एक रुपयाचाही पश्चात्ताप नाही. आजोळी जाण्यासाठी विचारत असाल तर उत्तर वेगळं आहे.

पाना_१२_१३ (मंगळवार, सकाळी ७.१५)

कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं इंजिन बांधायचं शेड आहे. वडलांपासूनचा धंदा. म्हणून विचारतो, राग मानू नका.

मिस्त्रीने कॉम्प्रेशन बघितलं का?

अर्धाकप (मंगळवार, सकाळी ८.०५)

नाही. कान लावला.

पाना_१२_१३ (मंगळवार, सकाळी ८.२०)

भावा, डॉक्टरनं नुसतं छातीला कान लावून "हृदय बदला" म्हटलं तर बदलशील का?

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब. तो मोजायचं गेज दीड हजारात येतं, नसेल तर कुठल्याही बऱ्या गॅरेजात मिळेल. गाडी गरम कर. चारही प्लग काढ, इग्निशन कॉइलची वायर काढ. एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, हे लोक विसरतात आणि मग आकडे खोटे येतात. प्रत्येक सिलिंडरला सात-आठ फेऱ्या क्रँक मारायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. आकडा किती येतो याच्यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते बघायचं. चारही सारखे खाली असतील तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजली, पिस्टनच्या रिंगा गेल्या, मिस्त्री खरा. एकच खाली असेल तर त्या एका सिलिंडरला चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोड प्लगच्या भोकातून आणि परत मोज. आकडा चढला तर रिंगा. नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅसकेट. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं, व्हॉल्वच्या बुजवत नाही, एवढीच त्यातली गंमत.

धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येतो ना? की चढाला दाबल्यावर पण? फक्त सकाळचा असेल तर रात्रभर व्हॉल्वच्या सीलमधून थेंब थेंब ऑइल उतरतंय. सील चार-पाचशे रुपयांचं असतंय राव.

आणि एक. गाडी कधी गॅसवर होती का?

अर्धाकप (मंगळवार, सकाळी ९.१०)

धूर सकाळचाच. बाकी वेळी मागे बघितलं तर काही दिसत नाही.

गॅसवर होती. २००६ ते २०१४ एलपीजी किट होतं. मग पंप बंद पडत गेले म्हणून बाबांनी काढून टाकलं. तुम्हाला कसं कळलं?

पाना_१२_१३ (मंगळवार, सकाळी ९.१५)

धंदा आहे.

उत्तरा (मंगळवार, दुपारी १.३०)

मी मोटार विम्याच्या दाव्यांचं सर्व्हेचं काम करते, बावीस वर्षं झाली. इंजिनातलं तुमच्याइतकं कळत नाही, पण कागदातलं कळतं. इथे कागदाबद्दल कोणीच बोललेलं नाही म्हणून लिहिते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर उत्पादकाने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. तुमच्या आरसीवर ९९३ सीसी आहे. तिथे १२९८ लिहून द्या म्हणून अर्ज केलात तर मंजूर होणार नाही. न विचारता केलंत तर २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ आहे: मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही.

लोक म्हणतात, बॉनेट उघडून कोण बघतंय? रोज कोणीच बघत नाही, खरं आहे. पण तुमची गाडी १९९८ची. पंधरा वर्षांनी २०१३ला पासिंग झालं असेल, मग २०१८, मग २०२३, आता नोव्हेंबर २०२८. तेव्हा निरीक्षक इंजिन नंबर बघणारच, चेसी नंबरवर टेप लावून पेन्सिलचा ठसा घेणारच. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५पासून १० हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. ते भरून वर गाडी नापास करून घ्यायची का, हे तुम्ही ठरवा.

आणि माझ्या टेबलावरचं सांगते. इंजिन बदललेली एक छोटी गाडी वायरिंगमध्ये शॉर्ट होऊन जळाली. माणसं वेळेत उतरली, नशीब. मी पाहणीला गेले तर सगळं वितळलेलं, पण ब्लॉकवरचा इंजिन नंबर शाबूत. तो पॉलिसीतल्या नंबरशी जुळेना. दावा तिथेच संपला. ही गाडी स्वतःचीच जळाली म्हणून नुकसान गाडीपुरतं राहिलं. कोणाला धडकली असती, तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन मालकाकडून वसूल करायला मागे लागते, आणि त्या रकमा लाखांत असतात.

आता दुसरा प्रश्न: किट २०१४ला काढलं, तर आरसीवर अजून "पेट्रोल/एलपीजी" आहे का?

अर्धाकप (मंगळवार, दुपारी २.००)

...आहे.

उत्तरा (मंगळवार, दुपारी २.०५)

तेही दुरुस्त करून घ्या. आधी ते.

खडीसाखर (मंगळवार, दुपारी २.२०)

धागाकर्ते इंजिनासाठी आले होते, आता आरटीओत रांगेत उभे आहेत.

व्होल्टभर (मंगळवार, दुपारी ४.४५)

या सगळ्यापेक्षा इलेक्ट्रिक किट बसवा. धूर नाही, ऑइल नाही, घाटात टॉर्क. आणि कायदेशीर.

उत्तरा (मंगळवार, सायंकाळी ५.१०)

कायद्याने वाट आहे, बरोबर. कलम ५२मध्येच सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी किट बसवायची तरतूद आहे. पण ते किट त्या मॉडेलसाठी एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं. १९९८च्या झेनसाठी कोण मंजुरी घेऊन बसलंय? असेल तर दाखवा, मीच माझ्या भावाला सांगते.

व्होल्टभर (मंगळवार, सायंकाळी ५.३०)

बघून सांगतो.

(व्होल्टभर परत आले नाहीत. - खडीसाखर)

सॅन_होजेचा_बाब्या (बुधवार, पहाटे ५.५०)

इकडचं सांगतो, तुलना म्हणून. '९४च्या होंडा सिव्हिकमध्ये मी इंटेग्राचं १.८चं इंजिन टाकलं होतं. कॅलिफोर्नियात उत्सर्जनाचे नियम अमेरिकेत सगळ्यात कडक, तरी इंजिन बदलायला सरळ वाट आहे. नवं इंजिन गाडीच्या सालातलं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनासोबत कंपनीने दिलेली प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री जागच्या जागी हवी. मग गाडी रेफरी म्हणून सरकारी परीक्षक असतो त्याच्याकडे न्यायची. तो एकेक होज बघतो, पास झाली की दाराच्या खांबावर स्टिकर लावतो, पुढे दर वेळी स्मॉग चाचणीला तोच दाखवायचा.

मी पहिल्यांदा नापास झालो. कशामुळे? टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याची एक नळी जोडायची राहिली होती. तेवढ्यासाठी परत अपॉइंटमेंट, परत सहा आठवडे.

मुद्दा असा की इकडे अशी संपूर्ण मुभा असून, सुटे भाग घरपोच येत असून माझे आठ महिने गेले. नंतर दीड वर्षात मुलगी झाली आणि सिव्हिकमध्ये मागे कार सीट नीट बसेना, म्हणून विकली. घेणाऱ्याने इंजिन बदलल्याचा एक डॉलर जास्त दिला नाही. उलट विचारलं, "मूळ इंजिन आहे का?"

दमट_हवा (बुधवार, सकाळी १०.१५)

रत्नागिरीहून. इंजिनाचं सगळे बोलतायत, पत्र्याचं कोणी बोलत नाही. तुमची गाडी २७ वर्षांची आणि दर महिन्याला घाट उतरून चिपळूणला येते, पावसाळ्यातसुद्धा. आमच्याकडची हवा पत्रा कसा खाते ते आम्हाला विचारा.

पुढची मॅट काढा, खालची कार्पेट उचला आणि फ्लोअरवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोका. टण् वाजलं तर ठीक. ठप् वाजलं तर उलटा धरून टोक दाबा. मग बॉनेट उघडून दोन्ही अॅप्रन बघा, शॉक-अॅब्सॉर्बरचा वरचा भाग जिथे बोल्टने धरलेला असतो तो भाग. बॅटरीच्या ट्रेखाली तर नक्की बघा, तिथे अॅसिड आणि पाणी मिळून काम करतात. मागच्या चाकांच्या कमानीत आतून हात फिरवा. हाताला बिस्किटाच्या चुऱ्यासारखं लागलं तर इंजिनाचा विषय बंद करून डेंटिंगवाल्याकडे जा.

माझ्या मामांनी अशाच एका गाडीचं इंजिन हौसेनं बांधून घेतलं. इंजिन शिवणयंत्रासारखं चालायचं. त्याच पावसाळ्यात हातखंब्याजवळ खड्ड्यात गेली आणि उजवा शॉक अॅप्रन फाडून बॉनेटला लागला. इंजिन अजून सुरू होतं म्हणे.

नुसता_वाचक (बुधवार, सकाळी ११.००)

मधला मार्ग सुचवू का? २०००च्या आसपास झेनलाही एमपीएफआय आलं. तेच ९९३ सीसी, पण ६० घोडे. ते टाकलं तर? कंपनी तीच, सीसी तेच, मॉडेल तेच.

उत्तरा (बुधवार, सकाळी ११.४०)

हा प्रश्न बरा आहे. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओच्या परवानगीने होतं. बदलल्यावर चौदा दिवसांत कळवायचं आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. एमपीएफआयला "त्याच प्रकारचं" म्हणायचं की नाही, हे निरीक्षक ठरवणार, म्हणून आधी लेखी विचारा. पण १२९८पेक्षा इथे निदान बोलायला जागा आहे.

एक अट मात्र कोणी टाळू शकत नाही. इंजिन कुठून आणलं त्याची पक्की पावती हवी, आणि ते ज्या गाडीतलं होतं ती गाडी चोरीची नव्हती, रीतसर भंगारात गेली, याचा कागद हवा. अहो, साधी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बुक करतानासुद्धा चेसी आणि इंजिन नंबर दोन्ही मागतात. भंगारवाले पावती म्हटलं की चहा मागवतात आणि विषय बदलतात.

अर्धाकप (बुधवार, रात्री ९.२०)

एक कबुली द्यायची आहे.

धागा काढायच्या आदल्या दिवशीच मी एस्टीमच्या इंजिनासाठी ८ हजार अॅडव्हान्स देऊन आलोय. मिस्त्रीच्या ओळखीचा माणूस. म्हणाला दुसरं गिऱ्हाईक कोइमतूरहून येतंय, उद्या राहणार नाही.

खडीसाखर (बुधवार, रात्री ९.२२)

कोइमतूरचं गिऱ्हाईक! आमच्या गावात घर बघायला गेलं की मुंबईची पार्टी येत असते, तसं हे.

वाऱ्याशी_गप्पा (बुधवार, रात्री ९.३५)

मलाही २०१४ला कोइमतूरचंच गिऱ्हाईक सांगितलं होतं. अजून आलेलं दिसत नाही.

पाना_१२_१३ (बुधवार, रात्री ९.५०)

होतंय असं. ते जाऊ दे. कॉम्प्रेशन बघ.

अर्धाकप (रविवार, दुपारी १२.३०)

बघितलं. मित्राच्या गॅरेजमध्ये, बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते आणि वहीत आकडे तेच लिहीत होते.

पहिला १६५ पाउंड. दुसरा १६०. तिसरा ९५. चौथा १६२.

तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं. ९५चे १०० झाले. बस.

फ्लोअर टण् वाजतो. बॅटरी ट्रेखाली मात्र एका ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, करंगळीच्या नखाएवढं भोक आहे. अॅप्रन चांगले आहेत (टॉर्च लावून फोटो काढलेत, चढवतो).

पाना_१२_१३ (रविवार, दुपारी १.१०)

तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व जळलाय. हेड उघडायच्या आधी लिहून देतो.

कसं झालं ते सांगतो, कारण हे गॅसवर चाललेल्या बऱ्याच झेनमध्ये बघितलंय. पेट्रोल थोडं तरी ओलं असतं, जाता जाता व्हॉल्व आणि त्याची सीट थंड ठेवतं. गॅस कोरडा. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व दाबून उघडणाऱ्या भागाची) फट कमी कमी होत जाते. त्या इंजिनात टॅपेट स्क्रूने सेट करायचे असतात, दर सर्व्हिसिंगला बघायला पाहिजेत. कोण बघतंय? आवाज येत नाही म्हणून मालक पण खूश. खरं तर फट संपल्यावर टॅपेट आवाज करतच नाहीत. पण मग व्हॉल्व पूर्ण बसत नाही, त्या बारीक फटीतून जाळ जातो आणि कडा खाऊन टाकतो. म्हणून आमच्याकडं म्हणतात, वाजणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला वाईट.

खालचं इंजिन चांगलं आहे. तीन सिलिंडर १६० किंवा त्याच्या वर देतायत म्हणजे बोअर उघडायची काही गरज नाही. हेड काढून आण. व्हॉल्व, गाइड, सील, सीट कटिंग, लॅपिंग, हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं), वर गॅसकेट आणि टायमिंग बेल्ट नवा घाल. मजुरी धरून १३-१४ हजारांत बसेल. इथंच कर असं नाही, कराडात पण चांगले आहेत. फक्त फेसिंग करताना समोर उभा राहा.

वाऱ्याशी_गप्पा (रविवार, दुपारी २.००)

मला २०१४ला हा माणूस भेटला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं. आणि एक ट्रॅक कार कमी झाली असती, तेही आहेच.

अर्धाकप (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११.१५)

मंडळी, ताजी खबर.

हेड कोल्हापूरलाच नेलं. पाना दादांनी तिसऱ्याचा व्हॉल्व काढून माझ्या तळहातावर ठेवला. गोल कडेचा एक तुकडा गायब, उंदराने चपातीची कड कुरतडावी तसा. बाबांनी तो रुमालात बांधून घरी आणला, शोकेसमध्ये ठेवलाय, आल्या-गेल्याला दाखवतात.

बिल झालं १४ हजार २००. बॅटरी ट्रेचा पॅच ९००. आरसीवरून एलपीजी काढायचा अर्ज केलाय, दोन फेऱ्या झाल्या, तिसरी बुधवारी.

आज सकाळी चिपळूणहून परत निघालो. बाबा पुढे. चिपळूण सोडल्यावर मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. कुंभार्लीच्या पहिल्या मोठ्या वळणानंतर दुसरा घातला, गाडी ओढायला लागली, तिसरा घातला, तरी ओढत राहिली. पुढे एक एसटी होती. बाबा म्हणाले, "हॉर्न दे."

आता उरलेली गोष्ट. ज्याला अॅडव्हान्स दिला होता त्याने पैसे परत दिले नाहीत. फोनवर "बघू, बघू" चाललं होतं. गेल्या गुरुवारी ऑफिसमधून घरी आलो तर फाटकाच्या आत एस्टीमचं इंजिन. टेम्पोतून उतरवून गेला, बाकीचे १९ हजार आईकडून घेऊन गेला. आईला वाटलं मीच मागवलंय. त्यावर तिने जुनी चादर घातली आहे. मांजर बसतं.

खडीसाखर (शनिवार, रात्री ११.२०)

घोड्याला हजार म्हणत होता ना? मांजर फुकट मिळालं.

दमट_हवा (रविवार, सकाळी ८.३०)

चिपळूणला आलात तर कळवायचं होतं. पॅचवर अंडरकोटिंग मारलंत ना?

माळावरची_एस्टीम (रविवार, सकाळी ९.४५)

धागा आजच वाचला, नवीन सदस्य आहे. माझ्याकडे २००४ची एस्टीम एलएक्सआय आहे, सोलापूर. इंजिन सीझ झालंय, कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडलाय, म्हणजे खरंच संपलंय. बॉडी एक नंबर आहे. तुमचं इंजिन विकणार का? २७ हजारांत मी घेतो, टेम्पो माझा. त्याच गाडीत त्याच प्रकारचं इंजिन, म्हणजे आरसीवर चढवायलाही अडचण नाही ना उत्तराताई?

पाना_१२_१३ (रविवार, सकाळी ९.५०)

आधी त्याचं कॉम्प्रेशन बघा.

उत्तरा (रविवार, सकाळी १०.१०)

अडचण नाही. परवानगी, चौदा दिवसांत कळवणं आणि पक्की पावती, बस.

अर्धाकप (रविवार, सकाळी १०.३०)

पावती आहे. वहीच्या पानावर लिहून दिलंय, "इंजिन १ नग, मिळाले", खाली सही. गाडीचा नंबर नाही. चालेल का?

उत्तरा (रविवार, सकाळी १०.३१)

नाही.